ओपन बॅफल स्पीकर: वूफर आधी ठरवा, ट्विटर सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. खोली ११ बाय १४ फुटांची. ऐकणं मुख्यतः शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत आणि जुनी चित्रपटगीतं. हाताशी ८ इंची फुलरेंज ड्रायव्हरची (खालपासून वरपर्यंतचे सूर एकटाच वाजवणाऱ्या स्पीकर-युनिटची) जोडी आणि ५० वॉटचा ॲम्प्लिफायर आहे, बजेट चाळीस हजारांच्या आतबाहेर. ५० सेंमी रुंद आणि एक मीटर उंच अशा सपाट प्लायवर घरीच ओपन बॅफल, म्हणजे पेटीशिवाय उघड्या फळीवर बसवलेले स्पीकर, करायचे आहेत. तुम्ही विचारलंय की यावर ट्विटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा ड्रायव्हर, कुठला घ्यावा: सिल्क डोम (कापडी घुमटीचा), रिबन (धातूच्या पातळ पट्टीचा) की एएमटी (घड्या घातलेल्या पडद्याचा). आणि शेवटच्या ओळीत जाता जाता, बेस पुरेल ना?

मी ती शेवटची ओळ आधी घेतो, कारण खरा प्रश्न तोच आहे. ट्विटर निवडायला लागणारी माहिती ट्विटरच्या डेटाशीटवर नसतेच. ती खालच्या ड्रायव्हरमध्ये आणि फळीच्या रुंदीत असते. बंद पेटीच्या स्पीकरमध्ये पेटी बऱ्याच गोष्टी सांभाळून घेते. उघड्या फळीवर खालचा आवाज किती उरेल हे फळी ठरवते, ती फळी भिंतीपासून किती पुढे उभी राहील हे खोली ठरवते, आणि ट्विटरने कुठून सुरुवात करायची हे मधला ड्रायव्हर ठरवतो. म्हणून खोली, फळी, वूफर (खालच्या सुरांचा ड्रायव्हर), मिड (मधल्या सुरांचा) आणि मग ट्विटर या क्रमाने जाऊ.

ड्रायव्हरचा कोन, म्हणजे त्याचा शंकूसारखा पडदा, पुढे येतो तेव्हा समोर हवेचा दाब वाढतो आणि त्याच क्षणी मागे तेवढाच कमी होतो. पेटी नसल्यामुळे ही मागची लाट उलट्या फेजमध्ये मोकळी सुटते, भिंतीवर आपटते आणि तुमच्याकडे परत येते. भिंत ३० सेंमीवर असेल, तर ती थेट आवाजाच्या मागोमाग पावणेदोन मिलिसेकंदांत पोहोचते. कान दोन्ही लाटा एकत्रच घेतो आणि गाणाऱ्याचा आवाज पोकळ, पेटीतून आल्यासारखा वाटायला लागतो, जे टाळण्यासाठी आपण पेटी काढली होती. भिंत ११० सेंमीवर असेल तर उशीर साडेसहा मिलिसेकंदांच्या घरात जातो, आणि तीच लाट मागच्या मोकळ्या जागेसारखी जाणवते. गायक भिंतीच्या अलीकडे, मोकळ्यावर बसलाय असं वाटतं ते यामुळे.

बेसच्या बाबतीत तर भिंत सरळ नुकसान करते. पेटीचा स्पीकर भिंतीला टेकवला की बेस वाढतो. ओपन बॅफल टेकवला की उलट्या फेजची लाट भिंतीवरून लगेच पुढे येऊन उरलासुरला बेसही खाते. त्यामुळे फळी भिंतीपासून किमान एक मीटर पुढे उभी राहणार नसेल, तर मी स्पष्ट सांगेन की ओपन बॅफल करू नका. तेच पैसे चांगल्या बंद पेटीवर लावा. तुमच्या खोलीत हे जमण्यासारखं आहे. स्पीकर ११ फुटांच्या भिंतीकडे ठेवा, १.१ मीटर पुढे, तिथून सव्वादोन मीटरवर बसा. पाठीमागे सुमारे ९० सेंमी उरतात. कायम एवढी जागा अडवणं घरच्यांना चालणार नसेल, तर फळीच्या पायांना खाली नमदा लावा, फरशीवर खूण करा, आणि ऐकताना स्पीकर पुढे ओढा. बाजूच्या भिंतींची तेवढी काळजी नको. पुढची आणि मागची लाट फळीच्या रेषेत एकमेकींना मारतात, त्यामुळे बाजूला जाणारा आवाज पेटीपेक्षा बराच कमी असतो. आरसीसी भिंती आणि गुळगुळीत टाइल्सच्या आपल्या घरांत ओपन बॅफल इतका नितळ वाटतो, त्याचं मोठं कारण हे आहे.

आता फळी. मागची लाट कडेला वळसा घालून पुढे येते आणि पुढच्या लाटेला रद्द करते. खालचे सूर जास्त रद्द होतात, कारण त्यांच्या लांबीच्या मानाने हा वळसा अगदीच छोटा असतो. हिशोब सोपा आहे: ड्रायव्हरच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर मीटरमध्ये घ्या, त्याची सहापट करा आणि ३४३ ला, म्हणजे आवाजाच्या सेकंदाच्या वेगाला, त्याने भागा. तुमच्या ५० सेंमी फळीसाठी अंतर ०.२५ मीटर, उत्तर सुमारे २३० हर्ट्झ. त्याखाली दर सप्तकाला ६ डेसिबल उतार लागतो. म्हणजे ११५ हर्ट्झला ६ आणि ५७ हर्ट्झला जवळजवळ १२ डेसिबल कमी. फळी उंच असल्यामुळे आणि खाली जमीन असल्यामुळे प्रत्यक्षात चित्र थोडं बरं असतं, पण नियोजन याच आकड्यांवर करावं.

किती खाली जायचं हे ठरवल्याशिवाय वूफर निवडता येत नाही, आणि इथे तुमची आवड तुमच्या बाजूने आहे. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरला तर तो १३८.६ हर्ट्झवर येतो, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या जरा वर. ऑर्गन आणि पायपेटीच्या साथीत वाजणारे बहुतेक सूर याच्या वरचेच. म्हणजे ६० हर्ट्झपर्यंत आवाज सपाट आणि सुटसुटीत आला तर तुमच्या संग्रहातलं जवळजवळ सगळं पूर्ण ऐकू येईल. ३० हर्ट्झचा हव्यास धरलात तर खर्च आणि फळी दोन्ही अंगावर येतील, आणि त्यातून मिळणारं तुमच्या संगीतात फारसं नाहीच. नव्या चित्रपटगीतांतला इलेक्ट्रॉनिक बेस हवा असेल, तर त्यासाठी वेगळा बंद पेटीचा सबवूफर ठेवावा. तो भार फळीवर टाकू नये.

६० हर्ट्झ तुमच्या ८ इंचीकडून निघेल का? निघणार नाही, आणि कारण शुद्ध हवेचं आहे. आवाज म्हणजे किती हवा हलवली: कोनचं क्षेत्रफळ गुणिले त्याची मागेपुढे जाण्याची मर्यादा, म्हणजे एक्समॅक्स. ८ इंची ड्रायव्हरचं क्षेत्रफळ साधारण २१५ चौरस सेंमी असतं, १२ इंचीचं ५२५ च्या आसपास, १५ इंचीचं ८५५ च्या आसपास. एक १५ इंची म्हणजे चार ८ इंची. शिवाय एक सप्तक खाली उतरताना तेवढाच आवाज ठेवायचा असेल, तर पेटीतल्या कोनला चौपट हलावं लागतं, उघड्या फळीवरच्या कोनला आठपट. फुलरेंज ड्रायव्हरचा एक्समॅक्स बहुधा एकदोन मिलिमीटरच असतो. दोन मिलिमीटर धरून तुमच्या फळीवर हिशोब केला, तर एक मीटरवर ७० हर्ट्झला जेमतेम ८५ आणि ५० हर्ट्झला ७६ डेसिबल, आणि तिथे कोन आपल्या मर्यादेला टेकलेला. डग्ग्याच्या प्रत्येक थापेला तोच कोन पूर्ण हलणार आणि त्याच वेळी त्याच कोनवर गायकाचा आवाजही चालू असणार. तो आवाज थापेबरोबर थरथरतो. डग्गा कमी ऐकू येण्यापेक्षा मला हे जास्त खटकतं.

म्हणून वूफर लावाच. तुमच्या फळीवर प्रत्येक बाजूला एक १५ इंची, किंवा दोन १२ इंची.

वूफरच्या डेटाशीटवर तीन आकडे बघा: एफएस, क्यूटीएस आणि एक्समॅक्स. एफएस म्हणजे ड्रायव्हरची स्वतःची नैसर्गिक कंपनसंख्या. ओपन बॅफलमध्ये तिच्याखाली आवाज सप्तकाला १८ डेसिबलने कोसळतो, त्यामुळे ६० हर्ट्झ हवे असतील तर एफएस ३० ते ४५ मध्ये असावी. क्यूटीएस सांगतो की एफएसपाशी ड्रायव्हर किती दबलेला किंवा किती मोकळा आहे. हा आकडा ०.३ असेल तर एफएसवर आवाज मधल्या पातळीपेक्षा १० डेसिबल खाली असतो, ०.७ असेल तर ३ खाली, १.२ असेल तर उलट दीड डेसिबल वर. पेटीत १.२ चा वूफर ढबढबतो, म्हणून जाणकार लोकही हा आकडा बघून तोंड फिरवतात. उघड्या फळीवर मात्र तोच उंचवटा फळीमुळे पडलेल्या खड्ड्यात जाऊन बसतो. म्हणून डीएसपी (हव्या त्या पट्ट्यातला आवाज वरखाली करणारं डिजिटल यंत्र) न वापरता, साध्या कॉइल-कपॅसिटरवर काम भागवायचं असेल, तर ०.७ ते १.२ च्या आसपासचा क्यूटीएस शोधा.

एमिनन्सचा अल्फा १५ए हा जगभरच्या हौशी मंडळींचा आवडता वूफर याच कारणासाठी आहे. एफएस ४१ हर्ट्झ, क्यूटीएस १.२६, एक्समॅक्स ३.८ मिमी, संवेदनशीलता (एका वॉटला एक मीटरवर मिळणारा आवाज) ९७ डेसिबल. वरच्याच हिशोबाने तो तुमच्या फळीवर, जमिनीजवळ लावला असता, एका मीटरवर ५० हर्ट्झला ९४ आणि ७० हर्ट्झला १०३ डेसिबलपर्यंत जातो. घरात ऐकायला हे पुरून उरतं. तोच घ्या असा माझा आग्रह नाही. आयात मालाच्या किमती आणि उपलब्धता महिन्यागणिक बदलतात. आकडे याच्या जवळचे असले की झालं.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत १५ इंची ड्रायव्हर भरपूर दिसतील, पण त्यातले बहुतेक डीजे आणि मंडपाच्या पेट्यांसाठी बनवलेले असतात. त्यांचा क्यूटीएस बहुधा ०.३ ते ०.४ असतो, आणि अनेकदा डेटाशीटच मिळत नाही. वॉटचा आकडा बघून घेऊ नका. घरातल्या ओपन बॅफलसाठी त्याला फारसा अर्थ नाही. असा ड्रायव्हर स्वस्तात मिळत असेल आणि तुम्ही डीएसपी वापरणार असाल, तर तो चालतो, कारण पडलेला बेस डीएसपीने उचलता येतो. फक्त किंमत लक्षात ठेवा: १२ डेसिबल उचलायचे म्हणजे त्या पट्ट्यात सोळापट शक्ती. संवेदनशीलता ९५ च्या वर असेल तर घरगुती आवाजाला हे परवडतं. कारचे सबवूफरही लोक सुचवतात. त्यांचा एक्समॅक्स मोठा आणि एफएस कमी असते, पण कोन जड आणि संवेदनशीलता बहुतेक वेळा ९० च्या खाली. तुमच्या ५० वॉटमध्ये आणि ६० हर्ट्झच्या उद्दिष्टात मला ते बसत नाहीत.

क्रॉसओव्हरबद्दल, म्हणजे सूर ड्रायव्हरांमध्ये वाटून देणाऱ्या सर्किटबद्दल, इथेच एक महत्त्वाची गोष्ट. वूफरला एकच मोठी कॉइल सिरीजमध्ये लावली, तर तिचा उतार सप्तकाला ६ डेसिबल असतो, आणि फळीमुळे वर जाताना आवाज चढतो तोही सप्तकाला ६ डेसिबलनेच. कॉइल खालीच, १०० हर्ट्झच्या आसपास, काम सुरू करेल अशी निवडली की दोन्ही उतार एकमेकांना कापतात आणि वूफर सपाट होतो. ८ ओहमला २०० हर्ट्झसाठी कागदावर ६.४ मिलिहेन्री येतात. १०० साठी त्याच्या दुप्पट. प्रत्यक्षात ड्रायव्हरचा इम्पिडन्स (विजेला होणारा त्याचा विरोध) एफएसजवळ खूप वाढतो, त्यामुळे अंतिम आकडा मोजूनच ठरतो. एवढ्या मोठ्या कॉइलचा स्वतःचा रोधही लक्षात घ्या. तो क्यूटीएस आणखी वाढवतो, म्हणून १.२६ च्या वूफरला बारीक तारेची स्वस्त कॉइल लावू नका. बेस सैल पडतो. ०.६-०.७ च्या वूफरला मात्र तोच रोध कधीकधी उपयोगी पडतो.

हा सगळा सपाटपणा आपण आवाज खर्च करून मिळवतो. ९७ डेसिबलचा वूफर अशा मांडणीत ८७ च्या आसपास उरतो. आणि आता तीच पूर्ण स्पीकरची पातळी आहे! तुमचा ८ इंची ९४-९५ चा असेल, तर त्याला एलपॅड (पातळी उतरवणारी दोन रेझिस्टरची जोडणी) लावून ८७ वर आणावं लागेल, नाहीतर गायकाचा आवाज अंगावर येईल आणि तंबोरा मागे पडेल. ट्विटरसाठी लोक ९८ डेसिबलचे महाग मॉडेल शोधत बसतात, ते इथे निरर्थक ठरतं. ९० चा साधा डोमसुद्धा तीन डेसिबल कमी करूनच लावावा लागणार आहे.

यातून सुटायचं असेल तर वूफरला वेगळा ॲम्प्लिफायर द्या. मी स्वतः हौशी लोकांना हेच सांगतो: खालचा भाग ॲक्टिव्ह, वरचा पॅसिव्ह. एक छोटा डीएसपी आणि टीपीए३२५५ चिपवरचा एखादा ॲम्प्लिफायर-बोर्ड वूफरसाठी, तुमचा ५० वॉटचा ॲम्प्लिफायर मिड आणि ट्विटरसाठी. मोठ्या कॉइल आणि कपॅसिटरवर होणारा खर्च वाचतो, आणि मुख्य म्हणजे बेस तुमच्या खोलीप्रमाणे बसवता येतो. १४ फूट लांबीच्या खोलीत ४० हर्ट्झपाशी आणि ११ फुटांच्या रुंदीत ५१ हर्ट्झपाशी खोली स्वतः घुमते. ओपन बॅफल हा घुमारा पेटीपेक्षा कमी उठवतो, पण शून्य करत नाही.

आता तुमचा ८ इंची. त्याला २०० ते २५० हर्ट्झच्या वर ठेवा म्हणजे त्याचा कोन जवळजवळ हलणारच नाही, आणि गायनाचा सगळा गाभा एकाच ड्रायव्हरमधून येईल. ही फार चांगली गोष्ट आहे. तुमची जोडी वाया जात नाही. पण तो ५० सेंमी फळीच्या मधोमध लावू नका. त्या रुंदीवर सुमारे ६९० हर्ट्झला उंचवटा आणि १३७० च्या आसपास खड्डा पडतो, नेमका आवाजाच्या मुलुखात. फळी खाली ५० सेंमी ठेवा आणि वरच्या भागात ३० सेंमीपर्यंत निमुळती करा. मग उंचवटा ११४० हर्ट्झला जातो, खड्डा २२८० ला, आणि खड्डा यायच्या आत आपण ट्विटरकडे सूत्रं देऊन मोकळे होतो. ड्रायव्हर मध्यापासून दोनतीन सेंमी बाजूला सरकवला, दोन्ही फळ्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा ठेवल्या, तर उंचवटा आणखी बोथट होतो. अरुंद फळीवर मिड स्वतःच ३८० हर्ट्झपासून उतरायला लागतो आणि २०० ला पाचसहा डेसिबल खाली असतो; तो उतार क्रॉसओव्हरचाच भाग धरा, वेगळा मोठा कपॅसिटर कदाचित लागणारही नाही.

मिडच्या मागच्या बाजूकडे सुताराचं लक्ष वेधा. १८ मिमी प्लायला सरळ भोक पाडलं तर मागची लाट नळीतून आल्यासारखी बाहेर पडते. भोकाची मागची कड ४५ अंशात तासून घ्या. नवा मिड घ्यायचा असता तर मी छोट्या चुंबकाचा, मोकळ्या खिडक्यांच्या बास्केटचा घेतला असता, कारण इथे पाठही पोटाइतकीच ऐकू येते. खालच्या भागात दोन १८ मिमी प्लाय चिकटवून ३६ करा आणि वूफरच्या चुंबकाला मागून एक आडवा टेकू द्या, नाहीतर जड कोनच्या धक्क्याने उंच फळी डोलते.

आणि आता ट्विटर.

समोर बसून मोजलं तर जवळजवळ कुठलाही बरा ट्विटर सपाट दिसतो. फरक बाजूला पडतो. उघड्या फळीवरचा मिड आदर्श स्थितीत ६० अंशांवर समोरच्यापेक्षा ६ डेसिबल कमी आवाज देतो, आणि २००० हर्ट्झकडे जाताना ८ इंची कोन त्याहूनही अरुंद होत जातो, कारण तिथे लाटेची लांबी त्याच्या व्यासाएवढी होते. त्याच जागी सपाट फळीवरचा २५ मिमी डोम सुरू होतो आणि आपला आवाज समोरच्या सगळ्या अर्ध्या गोलात पसरवतो. म्हणजे क्रॉसओव्हर ओलांडताच बाजूच्या भिंतींवर, छतावर, फरशीवर अचानक जास्त आवाज पडायला लागतो. आलेख सरळ असतो आणि तरीही ‘स’, ‘श’ टोचतात, तार सप्तकातला सूर कर्कश होतो, तंबोऱ्याची जवारी आवाजापासून सुटी होऊन हवेत लटकते. लोक मग ट्विटर बदलत राहतात. सिल्कचा डोम ॲल्युमिनियमच्या जागी येतो, रिबन सिल्कच्या जागी, आणि तक्रार तशीच राहते, कारण दोष पडद्याच्या कापडात नव्हताच.

त्यामुळे तुमच्यासाठी माझी पहिली पसंती वेव्हगाइडमधला, म्हणजे उथळ भोंग्यासारख्या वाटीत बसवलेला, डोम. १५-१६ सेंमी व्यासाचा उथळ वेव्हगाइड २००० हर्ट्झच्या आसपास पसारा आवरतो, त्यामुळे बाजूचा आवाज मिडच्या बाजूच्या आवाजाला येऊन मिळतो. डोमच्या मागे मोठी पोकळी असलेला आणि एफएस ५०० ते ७०० हर्ट्झमध्ये असलेला घ्या. क्रॉसओव्हर १६०० ते १८०० हर्ट्झ, चौथ्या क्रमाचा लिंकविट्झ-रायली (सप्तकाला २४ डेसिबल उताराचा). ट्विटरच्या एफएसच्या अडीचपट वर राहिलं की तो सुखात असतो. मिडचा मध्य आणि ट्विटरचा मध्य यांत २० सेंमीपेक्षा जास्त अंतर नको, कारण १७०० हर्ट्झची लाट तेवढीच लांब असते. ८ इंची आणि १६ सेंमी वेव्हगाइड एकमेकांना चिकटवून लावले तर हे जमतं.

रिबन मला आवडतात, पण तुमच्या मांडणीत नाहीत. छोट्या रिबनला २५००-३००० हर्ट्झच्या वरच ठेवावं लागतं, आणि तोपर्यंत तुमचा ८ इंची पार अरुंद झालेला असतो. मधे ५ इंची मिड असता तर गोष्ट वेगळी होती. एएमटीतले मोठे नमुने १८००-२००० पासून चालतात, आणि मागून उघडे असलेले एएमटी तर स्वभावानेच ओपन बॅफलचे. त्यांची अडचण उभ्या दिशेची आहे. दहा सेंमी उंचीचा पडदा साडेतीन हजार हर्ट्झच्या वर खालीवर फार कमी पसरतो. तुमच्याकडे कोणी खुर्चीवर आणि कोणी खाली बैठकीवर बसून ऐकत असेल, तर दोघांना दोन वेगळे स्पीकर ऐकू येतील. एकट्याने, एकाच खुर्चीत ऐकणार असाल आणि बजेट ताणता येत असेल, तर जरूर विचार करा. पिझो ट्विटर सोडून द्या.

मागेही एक ट्विटर लावावा का, हे तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. डोमची पाठ बंद असते, त्यामुळे १७०० च्या वर मागची लाट थांबते. ओपन बॅफलचे नामवंत रचनाकार सिगफ्रीड लिंकविट्झ यांनी आपल्या ओरायन या स्पीकरमध्ये मागचा ट्विटर नंतर जोडला आणि पुढच्या एलएक्स५२१ मध्ये तो ठेवलाही. आवाजाला मागून खोली येते हे खरं आहे. पण त्यासाठी मागे अंतर हवं आणि भिंतही अगदी नागडी नको. तुमच्या १.१ मीटरवर, कोऱ्या भिंतीसमोर, तो बहुधा जास्तच चमकेल. फळीत जागा मोकळी ठेवा, आधी त्याच्याशिवाय ऐका. लावलाच तर उलट्या पोलॅरिटीने, म्हणजे पुढचा डोम बाहेर येताना मागचा आत जाईल, आणि पातळी सुटी कमी करता येईल असा.

खरेदी एकदम करू नका. आधी वूफर घ्या, स्वस्त १२ मिमी प्लायची कच्ची फळी कापा, तुमचा ८ इंची वर ट्विटरशिवाय वाजू द्या. फुलरेंज असल्याने तुम्हाला पूर्ण गाणं ऐकू येईल, वरचा भाग थोडा अरुंद एवढंच. या अवस्थेत खालच्या आणि मधल्या भागाची पातळी जुळवा, फळी पुढेमागे सरकवून बघा. मोजायला रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि एक यूएसबी मापन-मायक्रोफोन पुरतो. त्याच सॉफ्टवेअरने, एक रेझिस्टर वापरून, डेटाशीट नसलेल्या ड्रायव्हरची एफएस आणि क्यूटीएसही काढता येतात. तुमच्या ८ इंचीचा १५, ३०, ४५ आणि ६० अंशांवरचा आलेख काढून ठेवा. ट्विटर त्या चार रेषांवरूनच निवडायचा आहे.

बजेटमधला सर्वात मोठा वाटा वूफरवर जाऊ द्या, त्याखालोखाल डीएसपी आणि दुसऱ्या ॲम्प्लिफायरवर. पैसे कमी पडायला लागले तर ट्विटर साधा घ्या. योग्य जागी कापलेला साधा डोम तुम्हाला निराश करणार नाही.

पुढचं नेमकं सांगण्यासाठी मला तुमच्याकडून हे हवं: मागच्या भिंतीपासून प्रत्यक्ष किती अंतर मिळेल, ८ इंचीची एफएस, क्यूटीएस आणि संवेदनशीलता, त्याच्या मध्यभागी छोटा व्हिझर कोन (वरच्या सुरांसाठीचा जास्तीचा कोन) चिकटवलेला आहे का, आणि तुम्ही खुर्चीत बसून ऐकता की जमिनीवर. हे कळवलंत की फळीचं मापाचं रेखाटन आणि मिड-ट्विटर क्रॉसओव्हरचे सुरुवातीचे आकडे इथेच देतो.